व्हीपी लॅटेक्सला ‘कच्चं रबर’ म्हणायचं का?

टायरच्या पोटात कापड असतं. रेयॉन, नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या पिळदार दोऱ्यांचं हे कापड, म्हणजे टायर कॉर्ड, टायरला ताकद देतं. अडचण अशी की गुळगुळीत कृत्रिम धागा आणि रबर एकमेकांना धरत नाहीत. म्हणून कॉर्ड आधी एका द्रवात बुडवतात आणि मग ताणून, भट्टीत तापवून सुकवतात. कारखान्यात या द्रवाला ‘डिप’ म्हणतात. रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडचं रेझिन, त्यात लॅटेक्स, असं ते मिश्रण असतं. नायलॉन-रेयॉनसाठी त्यातलं लॅटेक्स बहुधा व्हिनाइल पायरिडिनचं असतं. ब्युटाडाइन, स्टायरीन आणि व्हिनाइल पायरिडिन या तिघांचं हे पॉलिमर पाण्यात बारीक कणांनी विखुरलेलं असतं आणि दिसतं दुधासारखं पांढरं. धंद्यात त्याचं नाव व्हीपी लॅटेक्स.

हे लॅटेक्स डनलॉप इंडिया आणि मद्रास रबर फॅक्टरी या दोन कंपन्यांनी परदेशातून आणलं आणि ते टॅरिफच्या, म्हणजे आयात शुल्काच्या दरसूचीच्या, कोणत्या नोंदीत बसतं यावरून कस्टम्सशी वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये निकाल लागला. वर्गीकरणाच्या वादात खात्याला दिलेल्या दर दुसऱ्या उत्तरात आजही या निवाड्यातलं एखादं वाक्य येतं. वाक्यं सगळ्यांना पाठ असतात. प्रकरण मात्र क्वचितच कोणी सबंध वाचतं, आणि त्यामुळे त्या वाक्यांचा जो वापर होतो तो बऱ्याचदा प्रकरणाशी विसंगत असतो. म्हणून ते मुळापासून मांडतो.

नोंदी काय होत्या

तेव्हा लागू होता १९३४ चा इंडियन टॅरिफ कायदा. सध्याचा सीमाशुल्क टॅरिफ कायदा १९७५ मध्ये मंजूर झाला खरा, पण अमलात आला ऑगस्ट १९७६ मध्ये. जुन्या अनुसूचीत नोंद ३९ होती ‘रबर, कच्चं’. नोंद ८७ होती शेष नोंद, म्हणजे इतरत्र कुठेही न सांगितलेल्या सगळ्या वस्तू. शेष नोंदीचा दर जास्त. कच्च्या रबराची व्याख्या अनुसूचीत नव्हती. घन की द्रव, नैसर्गिक की कृत्रिम, कशासाठी वापरलेलं, यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. होते ते दोन शब्द.

आज ज्यांना टॅरिफमधल्या प्रकरणांच्या (चॅप्टरांच्या) टिपा, आठ अंकी कोड आणि अर्थनिर्णयाचे सहा सर्वसाधारण नियम यांची सवय आहे, त्यांना हा ओसाडपणा समजायला थोडा वेळ लागतो. हेडिंगला, म्हणजे आजच्या चार अंकी नोंदीला, टीप असली की निम्मा वाद तिथेच मिटतो किंवा निदान कशावर भांडायचं ते तरी ठरतं. इथे भांडायला पकड नव्हती. त्यामुळे प्रश्न सरळ अर्थाचा झाला: ‘कच्चं रबर’ म्हणजे काय, आणि ते कोणाला विचारायचं?

आक्षेप तीन प्रकारचे संभवतात. पहिला, हे तर द्रव आहे. रबर म्हटलं की गाठी, शीट, लवचिक घन पदार्थ. दुसरा, हे झाडाच्या चिकापासून आलेलं नाही, रिअ‍ॅक्टरमध्ये बनलंय, मग ‘कच्चं’ कसं? तिसरा, यापासून कोणी रबरी वस्तू बनवत नाही. ते चिकटवण्यासाठी वापरतात. पहिल्या दोघांना उत्तर सोपं आहे. नैसर्गिक रबरसुद्धा झाडातून द्रवरूपातच येतं, आणि रबर उद्योगात ‘कच्चं’ म्हणजे व्हल्कनाइझ न केलेलं, गंधकाची प्रक्रिया न झालेलं. पदार्थ झाडातून आला की रिअ‍ॅक्टरमधून, याचा कच्चेपणाशी संबंध नाही. तिसरा आक्षेप मात्र वजनदार वाटतो, आणि सरकारी आदेशाचा भार त्याच्यावरच होता.

थोडं प्रक्रियेबद्दल. तेव्हा अपिलीय न्यायाधिकरण नव्हतं. ते, म्हणजे सीगॅट, आलं १९८२ मध्ये. खात्यातलं अपील संपलं की पुढची पायरी केंद्र सरकारकडे रिव्हिजन, म्हणजे फेरतपासणीचा अर्ज. पैसे ज्याच्या तिजोरीत जायचे, वादाचा निवाडाही त्यानेच द्यायचा. रिव्हिजनमध्ये आयातदारांच्या विरोधात आदेश झाला आणि कंपन्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली, विशेष परवानगीने अपील करून, थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

न्यायालयाने काय म्हटलं

निवाडा न्या. पी. के. गोस्वामी यांनी लिहिला. अपिलं मंजूर झाली. व्हीपी लॅटेक्स नोंद ३९ मध्ये, म्हणजे कच्च्या रबरात. कारणांचा आशय माझ्या शब्दांत देतो.

करविषयक कायद्यातल्या वस्तूंच्या नावांना तो अर्थ द्यायचा, जो त्या विषयाची माहिती असलेली व्यापार-उदिमातली माणसं नेहमीच्या व्यवहारात देतात. तांत्रिक आणि शास्त्रीय कसोट्या मार्गदर्शन करतात, पण मर्यादेत. नोंदीत वापराचा उल्लेखच नसेल तर वस्तू शेवटी कशासाठी वापरली जाते हा मुद्दा पूर्णपणे गैरलागू. एखाद्या वस्तूचा नावानिशी दिलेल्या नोंदीवर सर्व दृष्टींनी वाजवी हक्क असेल, तर तिला तिचं कुळ नाकारून शेष नोंदीच्या अनाथालयात टाकणं हे वर्गीकरणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे. आणि शुल्काच्या जबाबदारीबाबत लोकांना संभ्रमात न ठेवणं हे चांगलं करधोरण.

शिवाय एक धागा असा होता जो सरकारला अडचणीचा ठरला. वाणिज्य मंत्रालयाच्या आयात धोरणाच्या पुस्तकात, ज्याला सगळे ‘रेड बुक’ म्हणत, ‘रबर, कच्चं आणि गटापर्चा (रबरासारखाच एक झाडाचा चीक), कच्चं’ अशी नोंद होती आणि तिच्यात कृत्रिम रबराच्या उपशीर्षकाखाली व्हिनाइल पायरिडिन लॅटेक्सचं नाव स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे परवाना देताना सरकारच्या एका पुस्तकात जे कच्चं रबर, ते शुल्क घेताना दुसऱ्या पुस्तकात ‘इतर’. न्यायालयाने विचारलं की ही दोन पुस्तकं एकमेकांना पूरक असताना एकच धोरण का नको? याला पटण्याजोगं उत्तर नव्हतं.

न्यायालयाने हस्तक्षेपाची सीमाही सांगितली. कोणती वस्तू कोणत्या नोंदीत हे ठरवणं मुळात अधिकाऱ्यांचं काम. अनुच्छेद १३६ खाली न्यायालय ते स्वतः करायला बसत नाही. पण जास्त दर लावण्यासाठी दिलेलं कारणच वर्गीकरणाच्या विचाराबाहेरचं असेल तर हात बांधून बसता येणार नाही. आणि समोर असलेल्या पुराव्यावरून कोणाही समंजस माणसाला व्हीपी लॅटेक्स कच्चं रबर नाही असा निष्कर्ष काढता आला नसता.

ही सगळी वाक्यं अर्धी का उद्धृत होतात

अनाथालयाचं वाक्य घ्या. ते इतकं आकर्षक आहे की नावानिशी दिलेल्या दोन हेडिंगांमधल्या वादातही वकील ते टाकतात. पण त्याच निवाड्यात लगेच पुढे म्हटलंय की दोन प्रतिस्पर्धी वर्गीकरणांमधली स्पर्धा ही वेगळी गोष्ट. म्हणजे हे वाक्य फक्त ‘नावाची नोंद विरुद्ध शेष नोंद’ या लढाईसाठी आहे. हेडिंग ३९०३ की ४००२, म्हणजे प्लास्टिक की रबर, असा वाद असेल तर ते वाक्य काहीच देत नाही, कारण तिथे दोन्हीकडे घर आहे.

तांत्रिक कसोट्या ‘मर्यादेत’ हे वाक्य त्याहून जास्त गैरवापरलं जातं. रासायनिक अहवाल आपल्या विरोधात गेला की आयातदार डनलॉपचा हा निवाडा काढतात आणि म्हणतात, प्रयोगशाळेचं काय घेऊन बसलात, बाजार काय म्हणतो ते बघा. पण इथे रसायनशास्त्र आयातदारांच्या बाजूने होतं. न्यायालयाने प्रयोगशाळेला बाजूला सारून बाजाराचं ऐकलं असं घडलेलंच नाही. बाजार आणि प्रयोगशाळा एकच बोलत होते, आणि सरकार तिसरीच गोष्ट, वापर, पुढे आणत होतं.

माझ्या मते या प्रकरणातला खरा धडा इथे आहे. व्हीपी लॅटेक्स कुठल्या किराणा दुकानात विकलं जात नाही. ते विकत घेणारा टायर कंपनीचा खरेदी विभाग, विकणारा पॉलिमर उत्पादक. दोघांच्या टेबलावर घनपदार्थाचं प्रमाण, पीएच आणि व्हिस्कॉसिटी लिहिलेला डेटाशीट. अशा मालात व्यापारी बोली आणि तांत्रिक परिभाषा वेगळ्या राहतच नाहीत. ‘विषयाची माहिती असलेली माणसं’ हे शब्द निवाड्यात आहेत, आणि ती माणसं इथे रसायनशास्त्र शिकलेली आहेत. त्यामुळे ‘तांत्रिक अर्थ घ्यायचा की व्यापारी?’ असा सरसकट प्रश्न विचारणं म्हणजे आधी चूक प्रश्न विचारून मग त्याच्या बरोबर उत्तरासाठी भांडणं. आधी बघायचं नोंदीची भाषा कोणती, मग ती वस्तू कोणाच्या हातातून जाते.

उलट टोकाचं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. अकोल्याच्या विक्रीकर अधिकाऱ्यांविरुद्धच्या १९६१ च्या प्रकरणात विड्याची पानं ‘भाजी’ आहेत म्हणून करमाफी मागितली होती. वनस्पतिशास्त्राच्या व्यापक अर्थाने पान ही वनस्पतीच. सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ नाकारला: रोजच्या व्यवहारात भाजी म्हणजे जी परसात किंवा मळ्यात पिकते आणि ताटात येते ती, आणि विड्याचं पान त्यात कोणी धरत नाही. तिथे शब्द सामान्य माणसाचा होता, ग्राहकही सामान्य, म्हणून शास्त्र बाहेर राहिलं. त्याच तत्त्वाने डनलॉपमध्ये शास्त्र आत आलं.

कायद्याने शब्द स्वतः तांत्रिक केला की

पंधरा वर्षांनी मुंबई कस्टम्सचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं, १९९० मध्ये. आयात केलेल्या दगडी लाद्या ‘संगमरवर’ आहेत, म्हणून त्यांना परवाना लागतो, असं खात्याचं म्हणणं. आयातदाराचं म्हणणं, हा इतर चुनायुक्त दगड आहे. बाजारात पॉलिश घेणाऱ्या अनेक दगडांना सर्रास मार्बल म्हणतात, आणि खात्याने नेमका तोच व्यापारी अर्थ पुढे केला. म्हणजे इथे बाजू उलटल्या: व्यापारी बोली सरकारच्या हातात, भूशास्त्र आयातदाराच्या.

न्यायालयाने आयातदाराचं म्हणणं मान्य केलं. व्यापारी अर्थाचा नियम सर्वसाधारण खरा, पण ज्या संदर्भात नोंद येते तो संदर्भच वेगळं मागत असेल तर तो नियम सोडावा लागतो. हेडिंग २५१५ मध्ये संगमरवर, ट्रॅव्हर्टाइन, एकॉसिन आणि २.५ किंवा जास्त आभासी विशिष्ट गुरुत्वाचा (पाण्याच्या तुलनेत घनतेचा) इतर चुनायुक्त बांधकामी दगड, हे सगळं वेगवेगळं मोजलेलं आहे. एकाच ओळीत कायद्याने भूशास्त्राचं वर्गीकरण केलंय आणि विशिष्ट गुरुत्वाचा आकडा दिलाय. तिथे पॉलिश घेणारा प्रत्येक दगड संगमरवर धरला तर बाकीचे शब्द फुकट जातात.

१९७५ आणि १९९० च्या या दोन निवाड्यांना विरोधी मानणारे बरेच भेटतात. मला त्यांच्यात विरोध दिसत नाही. पहिल्यात नोंद दोन शब्दांची आणि निराकार, दुसऱ्यात ती शास्त्रीय रचनेची. मध्ये एक मोठा बदलही झाला होता: १९८६ पासून भारताने हार्मोनाइज्ड सिस्टिमवर, म्हणजे वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण पद्धतीवर, बेतलेली अनुसूची स्वीकारली. पुढे १९९५ च्या ब्लॉक बोर्ड (लाकडी फळ्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं की वस्तूचा अर्थ लावताना भारतीय मानक संस्थेच्या शब्दसूचीपेक्षा हार्मोनाइज्ड सिस्टिमचा आधार आधी घ्यायचा, कारण मानकांचा हेतू वेगळा आणि टॅरिफचा वेगळा. थोडक्यात, ‘तांत्रिक अर्थ’ हासुद्धा कुठल्याही तांत्रिक पुस्तकातला चालत नाही.

तेच पिंप आज आलं तर

समजा व्हीपी लॅटेक्सचं तेच पिंप आज न्हावा शेवाला उतरलं. नोंद ३९ आता नाही. हेडिंग ४००२ आहे, प्राथमिक स्वरूपातलं कृत्रिम रबर, आणि प्रकरण ४० च्या टिपा आहेत. द्रवाचा आक्षेप टीप ३ मध्येच संपतो: प्राथमिक स्वरूपात द्रव आणि पेस्ट येतात, लॅटेक्ससुद्धा, हे तिथे शब्दात लिहिलंय. पायस (इमल्शन) टिकवणारी इमल्सिफायरसारखी द्रव्यं असल्याने ४००२ मधलं स्थान बिघडत नाही, हेही टीप ५ मध्ये आहे.

कृत्रिम रबर म्हणजे काय हे टीप ४ सांगते, आणि ती टीप एकदा शब्दशः वाचायलाच हवी. पदार्थ असंतृप्त आणि कृत्रिम हवा. गंधकाने व्हल्कनाइझ केल्यावर त्यात परत न फिरणारा बदल होऊन तो थर्मोप्लास्टिक राहता कामा नये. आणि मग १८ ते २९ अंश सेल्सिअस तापमानात मूळ लांबीच्या तिप्पट ताणला तरी तुटू नये, आणि दुप्पट ताणून सोडल्यावर पाच मिनिटांत मूळ लांबीच्या दीडपटीच्या आत परत यावा. दहा सेंटिमीटरची पट्टी घेतली तर ती तीस सेंटिमीटरपर्यंत ताणून शाबूत राहिली पाहिजे. वीसपर्यंत ताणून सोडली की घड्याळात पाच मिनिटं होईपर्यंत पंधराच्या वर राहता कामा नये. ‘रबर म्हणजे काय’ या प्रश्नाचं उत्तर १९७५ मध्ये न्यायालयाला धंद्यातून शोधावं लागलं. आज ते फूटपट्टी आणि घड्याळावर मिळतं.

यामुळे पुराव्याचं स्वरूप बदलतं. टीप नसताना व्यापाऱ्यांची शपथपत्रं निर्णायक ठरू शकतात. १९९६ च्या गरवारे नायलॉन्स प्रकरणात नायलॉनची सुतळी ही नायलॉन यार्नच आहे हे तशाच पुराव्यावर ठरलं, आणि वस्तू विशिष्ट नोंदीत बसते हे सिद्ध करायची जबाबदारी खात्याची, हेही तिथे पक्कं झालं. पण टीप ४ समोर असताना दहा व्यापाऱ्यांनी ‘आम्ही याला रबर म्हणतो’ असं लिहून दिलं तरी त्या कागदाला किंमत नाही. नमुना, टेस्ट मेमो (प्रयोगशाळेला पाठवलेली प्रश्नांची चिठ्ठी) आणि अहवाल यांनाच किंमत. आणि टेस्ट मेमोत काय विचारलं यावर बरंच अवलंबून असतं. ‘मालाचं स्वरूप व घटक सांगावेत’ एवढंच विचारलं तर उत्तर येतं: पांढरा द्रव, अमुक पॉलिमरचं जलीय विखुरण. त्यातून टीप ४ पूर्ण होते की नाही हे कळत नाही. ताण-कसोटी करायला सांगावी लागते, आणि ते सांगायचं भान अप्रेझरला, म्हणजे माल तपासणाऱ्या कस्टम्स अधिकाऱ्याला, नसेल तर आयातदाराच्या बाजूने पत्र देऊन सुचवावं. नंतर फेरचाचणी मागण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

वापराचा मुद्दा आज पूर्ण मेला का? नाही. डनलॉपने वापर गैरलागू ठरवला तो ‘नोंदीत वापराचा उल्लेख नसेल तर’ या अटीवर. आजच्या अनुसूचीत वापराचा उल्लेख असलेली हेडिंगं ढिगाने आहेत. खोबरेल तेलाचा लांबलेला वाद त्यावरच होता: लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल १५१३ खाली खाद्यतेल की ३३०५ खाली केसांचं तेल? प्रकरण ३३ ची टीप ‘त्या वापरासाठी किरकोळ विक्रीच्या पॅकिंगमध्ये’ असं म्हणते. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिघांच्या पीठाने ठरवलं की बाटली लहान आहे एवढ्यानेच ते केसांचं तेल होत नाही. टिपेतल्या सगळ्या अटी पॅकिंगने पूर्ण करायला हव्यात. तिथे वापर बघितला गेला, कारण मजकुराने तो बघायला सांगितला होता.

व्हीपी लॅटेक्सच्या बाबतीत ही फट ३५०६ मध्ये आहे. ते हेडिंग तयार चिकटद्रव्यांचं आहे आणि त्यात रबरावर आधारलेली चिकटद्रव्यंही येतात. नुसतं लॅटेक्स असेल तर ते तयार चिकटद्रव्य नाही. डिप बनवण्यासाठी त्यात रेझिन मिसळावं लागतं, आणि ते काम टायर कारखान्यात होतं. पण पुरवठादाराने रेझिन आधीच मिसळून तयार डिप पाठवलं असेल तर ४००२ चा दावा डळमळतो. मग संयुगित, म्हणजे इतर द्रव्यं मिसळलेल्या, रबराचं ४००५ आणि चिकटद्रव्यांचं ३५०६ ही दोन्ही नावानिशी हेडिंगं समोरासमोर येतात, म्हणजे डनलॉपने ज्याला वेगळी गोष्ट म्हटलं तीच स्पर्धा, आणि तिथे अनाथालयाचं वाक्य कामाचं नाही. अशा मालात बिल ऑफ एंट्री (आयातीचं कस्टम्सकडचं विवरणपत्र) भरण्याआधी पुरवठादाराकडून फक्त ‘व्हीपी लॅटेक्स’ असं लिहिलेलं इन्व्हॉइस न घेता, रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड आत आहेत की नाहीत, असतील तर किती, आणि गंधक किंवा त्वरक (व्हल्कनाइझ होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) घातलाय का, हे सांगणारा तांत्रिक तपशील मागून घ्यावा. माल सतत येणार असेल तर मुंबईच्या अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे, जे आयातीआधीच वर्गीकरण ठरवून देतं, आधीच अर्ज करावा, आणि त्या अर्जाला ताण-कसोटीचा अहवाल जोडावा.